आभासी बेट आणि खरा श्रोता : वाचाघातावरील अंकीय उपचारांचे भाषाशास्त्रीय परीक्षण

'पुनर्वसन' हा शब्द मराठीच्या लोकव्यवहारात रुळला तो आधी निर्वासितांच्या आणि मग धरणग्रस्तांच्या संदर्भात. गाव पाण्याखाली गेले, तेथील माणसांना अन्यत्र घर, जमीन व शेजार मिळवून द्यावयाचा, ह्या क्रियेस पुनर्वसन म्हणावयाचे. १९७६ च्या महाराष्ट्रातील कायद्याने ह्या अर्थावर शिक्कामोर्तबही केले. वैद्यकाने तोच शब्द आजारातून उठलेल्या माणसासाठी उचलला. ज्या इंग्रजी संज्ञेसाठी तो योजला जातो तिच्या मुळाशी लॅटिनमधील 'हाबिलिस' हे विशेषण आहे. त्याचा अर्थ क्षम, कामास योग्य असा होतो. मराठी शब्दाच्या पोटात मात्र 'वस्' धातू आहे. एका संज्ञेत माणसाची गमावलेली क्षमता त्यास परत देण्याची कल्पना आहे. दुसरीत त्यास पुन्हा वस्तीत आणून बसविण्याची. हाताच्या किंवा पायाच्या दुखापतीत हा भेद फारसा जाणवत नाही. भाषा गमावलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र तो इतका तीव्र होतो की, गेल्या दहा वर्षांत वाचाघातावर जे अंकीय उपचार पुढे आले त्यांचे परीक्षण ह्या एका भेदाच्या आधाराने करणे शक्य आहे.

वाचाघात म्हणजे मेंदूच्या इजेमुळे, बहुधा पक्षाघाताच्या झटक्यामुळे, भाषेच्या व्यवहारात पडलेला बिघाड. बुद्धी शाबूत असते, कान शाबूत असतात, जीभही पुष्कळदा चांगली हलते. शब्द येत नाही, किंवा आलेला शब्द वाक्यात बसत नाही, किंवा ऐकलेले उमगत नाही. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका ह्यांनी ज्या रुग्णाची नोंद केली तो 'तान' ह्या एका उच्चारापलीकडे फारसे काही बोलू शकत नसे. आणि तरीही हावभावांनी व स्वराच्या चढउताराने तो आपले म्हणणे पुष्कळसे पोचवी. वाचाघाताच्या अभ्यासाचा आरंभच असा दुहेरी आहे. शब्द गेलेला आहे, संवाद सर्वस्वी गेलेला नाही.

आभासी वास्तवाचा वैद्यकातील प्रवेश भाषेच्या वाटेने झाला नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटर्सन ह्यांनी भाजलेल्या रुग्णांवर त्याचा उपयोग केला. जखमेवरील पट्ट्या बदलताना रुग्णाच्या डोळ्यांवर पडदा-चष्मा चढवून त्यास बर्फाच्या दरीत नेले असता वेदना कमी जाणवते, असे त्यांना आढळले. येथे आभास हाच उपचार आहे. लक्ष दुसरीकडे गुंतले की काम झाले. त्याच दशकात रामचंद्रन ह्यांनी तर वीज व यंत्र ह्यांच्याविना, केवळ एका आरशाच्या साहाय्याने, तुटलेल्या हाताचा आभास निर्माण करून त्या नसलेल्या हातातील वेदनेवर उपाय शोधला. ह्या उदाहरणांनी एक समज पसरविला : आभास जितका पूर्ण, तितका गुण अधिक.

पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या हातावर हा समज तपासला गेला, तेव्हा तो पुरा उतरला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, गुस्ताव्हो सॅपोस्निक ह्यांच्या नेतृत्वाखालील चार देशांतील एका प्रयोगात १४१ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाने निन्टेन्डो कंपनीच्या 'वी' ह्या यंत्रावर आभासी खेळ खेळावयाचे. दुसऱ्याने तितकाच वेळ पत्ते, डॉमिनो, बिंगो असले साधे खेळ खेळावयाचे. दोन्ही गट सुधारले, आणि त्यांत फरक आढळला नाही. पत्त्यांच्या जोडाने यंत्राची बरोबरी केली ही वार्ता यंत्रविक्रेत्यांच्या पत्रकांत सहसा आढळत नाही. २०१७ च्या कॉक्रेन समीक्षेने ७२ प्रयोग व २४७० रुग्ण एकत्र पाहून जवळपास हेच सांगितले : नेहमीच्या उपचाराच्या जागी आभासी वास्तव आणल्यास हाताच्या कार्यात विशेष लाभ नाही, नेहमीच्या उपचारात त्याची भर घातल्यास लाभ आहे. २०२५ मध्ये ही समीक्षा १९० प्रयोगांपर्यंत वाढविली गेली, तेव्हा तुलनेचे पारडे आभासी वास्तवाच्या बाजूस किंचित झुकले, पण किंचितच. भर घातल्याने होणारा लाभ हा आभासाचा, की केवळ अधिक सरावाचा, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

भाषेकडे वळताना हा प्रश्न अधिक बिकट होतो. हाताचा सराव एकट्याने करता येतो. भाषेचा येतो काय?

ह्या प्रश्नाचे सर्वांत मोठे व सर्वांत प्रामाणिक उत्तर 'बिग कॅक्टस' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश प्रयोगाने दिले आहे. शेफील्ड विद्यापीठातील रिबेका पामर व त्यांचे सहकारी ह्यांनी तो २०१९ साली प्रसिद्ध केला. पक्षाघातानंतर किमान चार महिने लोटूनही ज्यांना शब्द सापडत नाहीत अशा २७८ रुग्णांची तीन गटांत वाटणी झाली. पहिल्या गटास नेहमीचेच उपचार मिळाले. दुसऱ्या गटास त्याबरोबर घरी संगणकावर करावयाचा शब्दाभ्यास दिला गेला. पडद्यावर चित्र येते, त्याचे नाव सांगावयाचे, न आल्यास यंत्र पायरीपायरीने सूचना देते. तिसऱ्या गटास संगणकाऐवजी कोड्यांची पुस्तके व अधूनमधून विचारपूस करणारा दूरध्वनी देण्यात आला, जेणेकरून केवळ कोणीतरी लक्ष पुरविल्याचा परिणाम वेगळा काढता यावा. अभ्यासासाठी प्रत्येकाने आपल्या जीवनाशी निगडित असे शंभर शब्द निवडले होते. सहा महिन्यांनी पाहता, संगणकाभ्यास केलेल्यांची त्या शब्दांवरील प्रगती नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा १६.२ टक्क्यांनी आणि कोड्यांच्या गटापेक्षा १४.४ टक्क्यांनी अधिक भरली. हा निःसंशय गुण आहे. वर्षानुवर्षे बंद पडलेली दारे ह्या वयात व ह्या अवस्थेतही किलकिली होतात, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु ह्याच प्रयोगात दुसरेही एक मोजमाप आरंभापासून प्रमुख म्हणून ठरविलेले होते. रुग्णांची संभाषणे चित्रफितीवर घेऊन, कोण कोणत्या गटातील हे परीक्षकांस कळू न देता, त्यांचे मूल्यमापन करण्यात आले. त्यात काही फरक पडला नाही. स्वतः रुग्णांना आपल्या बोलण्यात व जगण्यात जो बदल जाणवावा, तोही मोजमापात उतरला नाही. ज्या शब्दांचा अभ्यास झाला नव्हता त्यांच्याकडेही ही सुधारणा पसरली नाही. शब्द परत आले, आणि संभाषण होते तेथेच राहिले.

प्रयोगकर्त्यांनी हे निष्कर्ष झाकले नाहीत, ह्याबद्दल त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. त्यांचा अर्थ लावण्याचे काम मात्र वैद्यकाच्या हाती एकट्याने सोपविता येणार नाही. एक आक्षेप येथे सहज सुचतो. शंभरांतील सोळा शब्द अधिक आले, तर रोजच्या संभाषणाच्या सागरात ते दिसावेत तरी कसे? मोजपट्टीच जाड असेल तर बारीक फरक निसटणारच. हा आक्षेप अर्धा खरा आहे. तथापि ते शंभर शब्द परक्याने निवडलेले नव्हते. नातवाचे नाव, आवडता पदार्थ, रोजची वाट असे ते ज्याचे त्याने निवडलेले होते. त्या व्यक्तीच्या बोलण्यात वारंवार यावेत असेच ते शब्द. तेच जर आले आणि तरी बोलणे हलले नाही, तर दोष केवळ मोजपट्टीचा मानणे अवघड आहे. चित्रासमोर शब्द उच्चारणे आणि माणसासमोर तो शब्द बोलणे ह्या दोन भिन्न भाषिक क्रिया असाव्यात, असाच संशय बळावतो.

हा संशय भाषाशास्त्रास नवा नाही. रोमान याकोबसन ह्यांनी १९५६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात वाचाघाताचे दोन प्रकार भाषेच्या दोन अक्षांवर मांडले. पर्यायांतून निवड करणे हा एक अक्ष. निवडलेल्याची एकमेकांशी जुळणी करणे हा दुसरा. ज्याची निवडशक्ती बिघडते त्यास वस्तू दाखवून नाव विचारले असता ते सांगता येत नाही, पण संदर्भ मिळाला, पुढून कोणी बोलले, की तो बोलण्याचा धागा पकडतो. संभाषण सुरू करणे त्यास जड, चालू ठेवणे सोपे. ज्याची जुळणी बिघडते त्याचे उलट : सुटे शब्द उरतात, वाक्य विस्कटते. याकोबसन ह्यांची ही द्विभागणी पुढील संशोधनाने पुष्कळ ठिकाणी सैल केली, आणि मेंदूच्या नकाशाशी ती नीट जुळत नाही हेही खरे. पण उपचाराच्या परीक्षणासाठी तिच्याइतके सोयीचे साधन अद्याप दुसरे नाही. बिग कॅक्टसमधील संगणक संपूर्णपणे निवडीच्या अक्षावर काम करतो. निवड बिघडलेल्या रुग्णास तो नेमके अशा प्रसंगी उभे करतो जो त्यास सर्वाधिक कठीण, म्हणजे संदर्भहीन चित्रापुढे. आणि जुळणी बिघडलेल्यास तो असे काही शिकवितो ज्याची त्यास तितकी वाण नाही. यंत्र बनविणाऱ्याने भाषेचा कोणताही सिद्धान्त जाणूनबुजून स्वीकारलेला नसेल. तरी 'भाषा म्हणजे वस्तूंच्या नावांची यादी' हा फार जुना सिद्धान्त त्याच्या पडद्यावर न बोलावता येऊन बसलेला आहे.

ह्याच्या अगदी विरुद्ध टोकास लंडनच्या सिटी विद्यापीठातील 'ईव्हा पार्क' हा उपक्रम उभा आहे. जेन मार्शल, स्टेफनी विल्सन व त्यांचे सहकारी ह्यांनी वाचाघात झालेल्या व्यक्तींनाच सल्लागार म्हणून बरोबर घेऊन एक आभासी बेट रचले. त्यावर घरे आहेत, उपाहारगृह आहे, केशकर्तनालय आहे, सरोवर आहे. हे बेट साध्या संगणकाच्या पडद्यावर दिसते. डोळ्यांवर चष्मा चढवावा लागत नाही. अर्धांग लुळे पडलेल्या व अनेकदा दृष्टीचा एक भाग गमावलेल्या माणसांसाठी ही निवड शहाणपणाची म्हणावी लागेल. प्रत्येकास एक आभासी देह मिळतो. कळफलकावरील थोड्याशा कळांनी तो चालविता येतो. बोलणे मात्र स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या आवाजात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वीस व्यक्ती पाच आठवडे ह्या बेटावर वावरल्या. प्रत्येकास एक सहायक नेमून दिलेला होता. तोही आभासी देह धारण करून बेटावर येई, आणि दोघे ठरल्याप्रमाणे भेटत, फिरत, बोलत. परिणाम बिग कॅक्टसच्या नेमका उलटा आला. दैनंदिन व्यवहारातील संप्रेषणाच्या चाचणीत लक्षणीय सुधारणा झाली. इतर मोजमापांत, शब्दशोधाच्या मोजमापासह, तशी सुधारणा दिसली नाही.

हे दोन प्रयोग शेजारी ठेवून वाचावयास हवेत. सुटे वाचल्यास प्रत्येकाचा अर्धा अर्थ हरवतो. एकाने शब्द दिला, संवाद दिला नाही. दुसऱ्याने संवादात काही भर घातली, शब्द जेथल्या तेथे ठेवला. दोन्ही उपचार अंकीय, दोन्ही पक्षाघाताच्याच रुग्णांवर. भेद आहे तो यंत्रात गृहीत धरलेल्या भाषेच्या कल्पनेत.

मात्र येथेच थांबून ईव्हा पार्कच्या गळ्यात माळ घालणे घाईचे होईल. वीस व्यक्ती हा लहान समूह आहे. त्यांची तुलना झाली ती, ज्यांना तोच उपचार काही काळाने मिळावयाचा होता अशा, तोवर काहीच विशेष न मिळालेल्या सहभागींशी. अनेक मोजमापांपैकी एक हलले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हा लाभ बेटाचा होता की बेटावर भेटणाऱ्या माणसाचा, हे ह्या रचनेतून कळण्यास मार्ग नाही. पाच आठवडे एक माणूस नेमाने येऊन धीराने बोलत असेल, तर तो सरोवराकाठी आला काय आणि ओसरीवर आला काय, गुण यावयाचाच, असे कोणी म्हटल्यास त्यास ह्या प्रयोगात उत्तर नाही. उत्तर मिळण्यासाठी तिसरा गट हवा होता : तोच सहायक, तितकाच वेळ, पण साध्या दूरध्वनीवर. पत्त्यांच्या जोडाने जे काम हाताच्या प्रयोगात केले तेच काम येथे दूरध्वनीने केले असते. ह्याच बेटावर पुढे वाचाघातग्रस्तांचे सामूहिक आधारगट भरविण्यात आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात लोकांनी उपस्थिती चांगली ठेवली, पण मोजमापांत लक्षणीय बदल दिसला नाही. एकास एक सहायक होता तेव्हा काही हलले आणि गटात हलले नाही. दोन्ही प्रयोगांचे हेतू व कालावधी भिन्न असल्याने ह्यावरून ठाम अनुमान काढता येणार नाही. पण संशयाचा रोख त्या सहायकाकडेच जातो.

तरीही बेट अगदीच निरुपयोगी ठरत नाही. वाचाघात झालेल्या माणसाचे खरे संकट पुष्कळदा बोलण्याच्या आधी सुरू होते. घराबाहेर पडणे कमी होते. भेटावयास येणारे काय बोलावे हे न कळून येईनासे होतात. घरातील माणसे प्रेमापोटी त्याचे वाक्य स्वतःच पुरे करू लागतात. बोलण्याचे प्रसंग आटतात, आणि प्रसंगावाचून भाषा परतत नाही. आभासी बेट हे प्रसंग पुरविते. उपाहारगृहात मागणी चुकली तर मागे रांग खोळंबत नाही. आभासी देहाचे तोंड वाकडे नसते आणि हात लुळा नसतो, म्हणून समोरचा त्याच्याशी रुग्ण म्हणून बोलण्यास आरंभ करीत नाही. भाजलेल्या रुग्णासाठी रचलेली बर्फाची दरी त्यास त्याच्या खोलीपासून दूर नेते. बेट ह्या माणसास कोणाच्या तरी समोर आणून उभे करते. तंत्रज्ञान एकच, पण कार्य परस्परविरुद्ध. म्हणून एका क्षेत्रातील यश दुसऱ्याच्या नावे जमा धरता येत नाही, आणि 'आभासी वास्तवामुळे पुनर्वसनात क्रांती झाली' अशी सरसकट विधाने करणाऱ्यांनी आधी कोणत्या पुनर्वसनात, हे सांगणे अगत्याचे आहे.

ह्या सर्वांचा मराठीशी संबंध कोणता? पक्षाघाताचे रुग्ण येथे थोडे नाहीत, वाचोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत, आणि भ्रमणध्वनी खेड्यापाड्यांत पोचला आहे. अशा स्थितीत इंग्रजीतील तयार साधनांतील चित्रे तशीच ठेवून शब्द तेवढे मराठी घालावयाचे, हा मोह होणे स्वाभाविक आहे. ह्या मोहाचे परीक्षण भाषाशास्त्रज्ञाने वेळीच केले पाहिजे.

पहिली अडचण चित्रातच आहे. पात्याचे एक चित्र दाखविले तर मराठी भाषक 'सुरी' म्हणेल की 'चाकू'? घराघरांत ह्याचे उत्तर निराळे. यंत्राने एकच उत्तर बरोबर धरले तर दुसऱ्या घरातील माणूस विनाकारण नापास. याकोबसन ह्यांनी उद्धृत केलेल्या एका रुग्णास सुरीचे सुटे नाव सांगता येत नसे. मात्र ती पेन्सिलीस टोक काढण्यासाठी आहे की पाव कापण्यासाठी, ह्यानुसार तो तिला वेगवेगळ्या नावांनी ओळखे. मराठीत हा भार क्रियापदे उचलतात. कांदा चिरतात, दोरी कापतात, पेन्सिल तासतात. शब्दांच्या यादीत क्रियापदास स्थान नसेल तर मराठी भाषकाच्या कोशाचा जिवंत भागच वगळला जाईल.

दुसरी अडचण सामान्यरूपाची. चित्राचे उत्तर नेहमी प्रथमेत येते : पाणी. पण वाक्यात मराठी भाषकास पाण्यात, पाण्याने, पाण्याला असे म्हणावयाचे असते, आणि 'पाण्या' हा अंश स्वतंत्रपणे कोठेच उभा राहत नाही. इंग्रजी भाषक रुग्ण प्रत्यय गाळून मोकळा होतो. उरलेला अंश हा शब्दच असतो. लीझ मेन व लोरेन ओब्लर ह्यांनी १९९० साली संपादित केलेल्या, हिंदीसह अनेक भाषांतील व्याकरणलोपाच्या नमुन्यांच्या ग्रंथाने दाखविले की, ज्या भाषांत असे गाळणे शक्य नसते तेथे रुग्ण प्रत्यय गाळण्यापेक्षा एकाच्या जागी दुसरा घालतो. मराठीत बिघाडाचे रूपच वेगळे असावयाचे, तर त्यावरील उपचार प्रथमेतील शंभर नामांनी कसा व्हावा? 'मी आंबा खाल्ला' पण 'मी पोळी खाल्ली' : क्रियापदाने कर्माचे लिंग ओळखावयाचे आहे. 'मी जातो' म्हणावयाचे की 'मी जाते', हे बोलणाऱ्यावर अवलंबून. आंब्याच्या चित्राखाली ह्यांपैकी काहीच शिकविता येत नाही.

तिसरी अडचण मूलगामी आहे. 'आम्ही' आणि 'आपण' ह्यांतील भेद घ्यावा. 'आम्ही उद्या पंढरपूरला जाणार' म्हटले की ऐकणारा मागे राहिला. 'आपण उद्या पंढरपूरला जाऊ' म्हटले की तो बरोबर आला. (मुंबईच्या बोलीत 'आपण' एकट्या 'मी'च्या जागीही येतो, पण तो निराळा विषय.) ह्या भेदाचे चित्र काढता येत नाही. चार माणसे चालताना दाखविली तरी त्यांत ऐकणारा कोण, हे चित्र सांगणार नाही. कारण ऐकणारा चित्राच्या आत नसतो, तो पुढ्यात असावा लागतो. तू, तुम्ही आणि आदरार्थी आपण ह्यांची गोष्ट तीच. सुनेशी, सासऱ्यांशी, बँकेतील कारकुनाशी बोलताना मराठी माणूस प्रत्येक वाक्यात समोरच्याचे स्थान ठरवीत असतो. ते स्थान चुकले तर शब्द बरोबर असूनही बोलणे बिघडते, आणि वाचाघात झालेला माणूस उद्धट ठरतो. सासऱ्यांना एकदा 'तू' म्हणून गेलेली बाई दुसऱ्यांदा तोंड उघडण्यापूर्वी दहादा विचार करील. असल्या रूपांचा सराव श्रोत्यावाचून होऊच शकत नाही. म्हणूनच बेटाची कल्पना इंग्रजीपेक्षा मराठीस अधिक उपकारक ठरण्याचा संभव आहे; अट एवढीच की, बेटावर भेटणाऱ्यास वय असावे, नाते असावे आणि त्याच्या मागे खरा माणूस असावा. तेथे उपाहारगृहाऐवजी शिधावाटप दुकान हवे, एसटीचा वाहक हवा, सुटे पैसे मागणारा भाजीवाला हवा. त्याला किंमत सांगताना एकोणसाठ आणि एकोणसत्तर ह्यांत होणारा घोटाळा हा मराठी संख्यावाचकांचा खास प्रांत आहे. निरोगी माणसेही तेथे अडखळतात.

माणसाच्या जागी यंत्रासच श्रोता नेमावे, हा पुढचा प्रस्ताव आता सर्वत्र ऐकू येतो. बोललेले ओळखणारी व उलट बोलणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत, आणि ती थकत नाहीत हा त्यांचा गुण खराच. परंतु त्यांना शिकविलेली मराठी बहुतांशी लेखनातील व प्रमाण वळणाची, आणि ऐकविलेले आवाज बहुतांशी निरोगी. वऱ्हाडातील माणूस 'मले' म्हणेल, मालवणातील 'माका'. प्रमाण रूपास बांधलेले यंत्र ह्यांस दुरुस्त करावयास निघाले, तर बोली हेच आजाराचे लक्षण ठरेल. वाचाघाताने अर्धवट झालेल्या उच्चारास तर ते बेधडक जवळचा एखादा गुळगुळीत शब्द चिकटवून मोकळे होते. माणूस अशा वेळी थांबतो, चेहरा पाहतो, 'म्हणजे काल का?' असे विचारतो. ब्रोका ह्यांच्या रुग्णाचे 'तान' समजून घेणारी माणसे हेच करीत असली पाहिजेत. चुकलेले दुरुस्त करण्यापेक्षा न समजलेले विचारणे हा श्रोत्याचा पहिला धर्म. यंत्रास तो शिकविता येणार नाही असे नाही. पण त्यासाठी आधी अशा अडखळत्या मराठी संभाषणांचा संग्रह पाहिजे.

असा संग्रह कसा करावा, ह्याचा नमुना उपलब्ध आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रायन मॅकव्हिनी ह्यांच्या पुढाकाराने २००७ पासून उभ्या राहिलेल्या 'अफेझियाबँक' ह्या संग्रहात रुग्णांकडून ठराविक गोष्टी बोलवून घेतल्या जातात. त्यांत सिंड्रेलाची कथा सांगणे आहे, आणि शेंगदाण्याचे लोणी व मुरंबा लावून पाव कसा तयार करतात हे सांगणे आहे. मराठीत ह्या दोहोंचे भाषांतर करणे हास्यास्पद होईल. पावाच्या जागी चहा कसा करतात हे विचारता येईल. त्यात ओतणे, उकळणे, गाळणे अशी क्रियापदे ओळीने यावी लागतात, आणि पाण्यात, दुधाचा, गाळणीने अशी सामान्यरूपेही. कथेसाठी चिमणी-कावळ्याच्या गोष्टीइतके सोयीचे दुसरे काही नाही. शेणाचे घर आणि मेणाचे घर ही जोडी बालपणीच कानावर पडलेली असल्याने गोष्ट नव्याने आठवावी लागत नाही. तिच्यात कावळ्याचे दार ठोठावणे दर खेपेस तेच, आणि चिमणीची सबब दर खेपेस नवी. म्हणजे जुळणीचा साचा स्थिर ठेवून निवडीची जागा बदलत नेणारी चाचणी ह्या भाषेने फार पूर्वीच तयार करून ठेवलेली आहे. शिवाय ती गोष्ट संवादाची आहे. कावळा बोलतो, चिमणी उत्तर देते, आणि आत घेणे न घेणे हा सारा तिढा त्या उत्तरांवर अवलंबून असतो. पुणे, नागपूर, कोल्हापूर, रत्नागिरी अशा वेगवेगळ्या बोलीप्रदेशांतून, निरोगी व वाचाघातग्रस्त अशा दोन्ही गटांकडून ही एक गोष्ट व हा एक चहा ध्वनिमुद्रित झाला, आणि त्यातील प्रत्येक सामान्यरूप, प्रत्येक 'आपण', प्रत्येक अडखळ टिपली गेली, तर मराठी यंत्राने काय ऐकावे हे ठरविण्यास निदान आधार मिळेल. हे काम रुग्णालयाच्या एकट्या विभागाचे नाही, संगणकशास्त्राच्याही एकट्या विभागाचे नाही. ध्वनिमुद्रणास लागणारे यंत्र आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. प्रतिलेखनाचे संकेत मात्र भाषाशास्त्राच्या विभागासच ठरवावे लागतील.